नवी पिकअप सजवायच्या आधी काट्यावर न्या

शोरूममधून पिकअप निघाली की नागपूरच्या टेकडी गणपतीपुढे नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी वाडीच्या वर्कशॉपांत उभी. पुढे गार्ड, वर दिव्यांची पट्टी, बाजूला उंच जाळी, खाली कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) जास्तीचे पाटे. आठवडा होत नाही तर गाडी ओळखू येत नाही. हौसेला कोणाची ना नाही, पण बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी सामान लागतं, मग वजनाचा घोळ कळतो आणि सगळ्यात शेवटी कागद आठवतात.

हा लेख पिवळ्या प्लेटच्या, कळमना, कॉटन मार्केट, हिंगणा, बुटीबोरी अशा फेऱ्या मारणाऱ्या मालवाहू पिकअपसाठी आहे. पांढऱ्या प्लेटची डबल कॅब असेल, तर कागद, टायर, दिवे आणि गंज हे भाग तसेच्या तसे लागू पडतात.

१. रिकामी गाडी काट्यावर

कुठलंही सामान लावायच्या आधी गाडी धरमकाट्यावर न्या. टाकी फुल, स्टेपनी-जॅक-टॉमी जागेवर, हौदा रिकामा, केबिनमध्ये कोणी नाही. तीन वजनं घ्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून अख्ख्या गाडीच्या आसपास यायला हवं. फार तफावत आली तर काट्याच्या तोंडाशी चढ-उतार आहे, दुसरा काटा पाहा. तिन्ही पावत्या जपून ठेवा.

आता आरसी उघडा. त्यावर भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असे दोन आकडे असतात. समजा ते २,९९० आणि १,६९० आहेत. वजाबाकी १,३०० किलो. पण रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि हेल्पर धरलेले नसतात. दोघांचे मिळून १३० किलो इथेच गेले. आता नेहमीची सजावट मांडा:

- हौद्यात ३ मि.मी. लोखंडी चेकर्ड प्लेट, ८ × ५.५ फूट : साधारण १०० किलो
- पाइपचे कठडे आणि जाळी : ५० किलो
- ताडपत्रीच्या कमानी, ताडपत्री, दोर : ३५ किलो
- सामानासकट टूलबॉक्स : ३० किलो
- दोन्ही बाजूंना दोन-दोन जास्तीचे पाटे : २० किलो

झाले २३५. त्यात १३० मिळवा. म्हणजे १,३०० किलोची म्हणून घेतलेली गाडी ९३५ ची राहिली, आणि हप्ता मात्र १,३०० चाच. प्रत्येक वस्तू लावण्याआधी हा हिशेब वहीत लिहा. पाटे वाढवून किंवा जाळी उंच करून आरसीवरचं कमाल वजन एका किलोनेही वाढत नाही. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

२. कागद : काय विचारून करायचं, काय न विचारता

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील आणि कंपनीने बनवलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथे 'प्रत्येक' हा शब्द लक्षात ठेवा. चार वस्तू लावल्या तर चार वेळा पाच हजार.

सीट कव्हर, रबर मॅट, मोबाइल स्टँड, रिफ्लेक्टिव्ह टेप, हौद्यात मोकळी टाकलेली फरशी, ताडपत्री यांना विचारायची गरज नाही. हौद्याची लांबी किंवा उंची, बॉडीचा प्रकार (उघडी गाडी बंद करणं), इंधन, इंजिन आणि गाडीचा रंग हे बदल आरटीओला विचारूनच. मंजुरीनंतर बदल केला की १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर 'ऑल्टरेशन ऑफ व्हेईकल' या सेवेत भरतात. प्लेटवर एमएच ३१ असेल तर नागपूर शहर, एमएच ४९ असेल तर पूर्व नागपूर आणि एमएच ४० असेल तर नागपूर ग्रामीण. घराजवळचं ऑफिस कोणतंही असो, काम नोंदणीच्या ऑफिसातच होतं.

फाइलमध्ये ठेवायचे कागद:

- आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी
- मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं लेखी संमतीपत्र
- कामाचं जीएसटी बिल, त्यावर पार्टचं नाव, मेक आणि साइज
- कामाआधीचे आणि नंतरचे चारही बाजूंचे फोटो
- काट्याच्या कामाआधीच्या आणि नंतरच्या पावत्या

फायनान्सचं पत्र लोक हमखास विसरतात, आणि त्याच एका कागदापायी फाइल अडकते. 'बिलाचं काय करता भाऊ, कच्च्यावर स्वस्त पडते' हे प्रत्येक दुकानात ऐकू येईल. पक्कं बिल नसेल तर विमा कंपनीपुढे ती वस्तू अस्तित्वातच नसते. कंपनीने न बसवलेल्या विद्युत वस्तूंसाठी पॉलिसीत आयएमटी २४ नावाची जोड मिळते, प्रीमियम वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेरा महागाचा असेल तर ती घ्यावीच.

पुढच्या गार्डबद्दल एकदाच सांगतो : लावू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्ड कलम ५२ च्या विरोधात असल्याचं कळवलं आहे. धडकेत चेपून जोर खाण्यासाठी गाडीचं नाक बनवलेलं असतं. गार्डचे ब्रॅकेट तो जोर थेट चेसिसच्या टोकांवर नेतात. वरून जे मधे सापडलं, माणूस असो की सायकल, त्याला लोखंडाचा मार बसतो.

३. हौदा

फरशी कशाची, हे मालावर ठरवा. लोखंडी चेकर्ड प्लेट सळई, दगड, मशिनरीसाठी ठीक. त्याच मापाची ३ मि.मी. ॲल्युमिनियम प्लेट साधारण ३५ किलोत बसते, महाग असते, पण ६५ किलो माल रोज जास्त घेते. भाजी, किराणा, क्रेट यांना १२ मि.मी. मरीन प्लाय पुरतो, तोही तीस-पस्तीस किलोच. साधा कमर्शियल प्लाय घेऊ नका, एका पावसाळ्यात त्याचे थर सुटतात. सुटा संत्रा भरणाऱ्यांनी प्लेटच्या कडा आणि स्क्रूची डोकी हाताने चाचपून पाहावीत. फळाला ओरखडा पडला की तिथून कूज सुरू होते आणि कळमन्यात भाव पाडायला तेवढं निमित्त पुरतं.

सगळ्यात जास्त फसगत फरशीच्या खाली होते. प्लेट पत्र्यावर सपाट वेल्ड केली की दोघांच्या मधे पाणी आणि माती अडकते. वरून चकाचक, आतून मूळ पत्रा सडलेला. युरिया किंवा मीठ वाहत असाल तर दोन पावसाळ्यांत भोक पडतं. त्यासाठी :

- मूळ पत्रा धुऊन पूर्ण वाळवा, रेड ऑक्साइड किंवा एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या.
- प्लेट वेल्ड करू नका. खाली रबराच्या पट्ट्या टाका आणि कंपनीने दिलेल्या भोकांतून बोल्टने कसा.
- पाणी निघायची मूळ भोकं प्लेटमध्येही तशीच पाडा. ती झाकली तर हौद्याचं टाकं होतं.
- दर सहा महिन्यांनी बोल्ट सोडून खालून पाणी मारा.

कठडे उंच करून घेणं हा वाडीतला सगळ्यात चालता प्रकार. कुटार (भुसा), कापूस, रिकामे क्रेट अशा हलक्या मालाला उंची लागते हे खरं. पण कायमची वेल्ड केलेली उंच जाळी हा बॉडीतला बदल आहे, त्याला मंजुरी हवी. शिवाय उंची मिळाली की माणूस ती भरतोच, आणि माल हलका असेलच असं नाही. भरलेला माल वर सरकला की वळणावर गाडी कलंडायची भीती वाढते.

चेसिसवर वेल्डिंग नको, भोकही नको. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या ओठावर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथे पाडलेल्या भोकापासून तडा सुरू होतो आणि तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. ब्रॅकेट बसवायचाच तर कंपनीची तयार भोकं वापरा. हौद्यावर वेल्डिंग करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि वेल्डिंगची अर्थची तार काम चाललंय तिथून हातभर अंतरावर लावा. अर्थ पुढच्या बंपरला आणि वेल्डिंग मागच्या फाळक्याला, असं करणारे वेल्डर आहेत. मधल्या ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरमधून तो करंट जातो, आणि मग मीटरवर पेटलेले दिवे विझवत फिरावं लागतं.

४. कमानी आणि जास्तीचे पाटे

आधी मोजा. सपाट जागेवर मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती इंच आहे ते दोन्ही बाजूंना लिहा, एकदा रिकामी आणि एकदा नियमातला पूर्ण माल भरून. भरल्यावर गाडी बम्प स्टॉपला (चेसिस आणि ॲक्सल यांच्यामधल्या रबरी ठोकळ्याला) टेकत नसेल तर पाटा वाढवायची गरज नाही. टेकत असेल तर आधी काट्याची पावती पाहा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

खरंच पाटा घालायचा असेल तर:

- रुंदी आणि जाडी मूळ पाट्याइतकीच हवी. व्हर्नियरने मोजून घ्या, नजरेने नाही.
- दोन्ही बाजूंना सारखेच पाटे. एका बाजूला जास्त घातले तर रिकामी गाडी एका अंगाला झुकते.
- सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) आणि यू बोल्ट (कमान ॲक्सलला बांधणारे) नवे, वाढलेल्या जाडीच्या हिशेबाने लांब. जुने ताणलेले यू बोल्ट परत वापरायचे नाहीत.
- यू बोल्ट चाकं जमिनीवर असताना, गाडीचा भार कमानीवर ठेवून, आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे कसा.

यू बोल्ट सैल राहिला तर आधी सेंटर बोल्ट कापला जातो. मग ॲक्सल कमानीवर मागे-पुढे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते.

ब्रेकची एक गोष्ट बरेच मिस्त्री सांगत नाहीत. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. माल भरला, गाडी बसली, की तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. पाटे वाढवल्यावर गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटे घातल्यावर 'ब्रेक लांब लागतो' ही तक्रार आली तर पॅड-लायनर बदलण्याआधी ती दांडी पाहा. तिची सेटिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करायची. मागून गाडी फार उचलली तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो आणि रिकाम्या गाडीत त्याचा क्रॉस (सांधा) घुमायला लागतो.

५. टायर

रुंद टायर गाडीला दिसतो छान. आकडे मात्र वेगळं सांगतात. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०३ मि.मी. भरतो, २३५/७५ आर १५ चा ७३३. फरक सव्वाचार टक्क्यांचा. म्हणजे मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८३ च्या वर असते, पहिल्या गिअरला चढावर दम कमी पडतो, ब्रेकवर ताण वाढतो. पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर पुढे आणि माल भरल्यावर मागे, मडगार्डला टायर घासतो तो वेगळाच.

त्यापेक्षा लोड इंडेक्स पाहा. टायरच्या अंगावर साइजनंतर जो आकडा असतो तो : १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०. कंपनीच्या टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कार-जीपचा टायर त्याच साइजमध्ये मिळतो आणि दुकानदार 'तोच आहे' म्हणतो. तो तोच नसतो.

हवा सकाळी, गाडी चालायच्या आधी मोजा. दाब दरवाज्याजवळच्या स्टिकरवर असतो, मागचा आणि पुढचा वेगळा. मे महिन्यात ४५ अंशांत डांबरावरून आलेल्या गाडीत हवा जास्त दिसते, ती काढू नका. गार झाल्यावर टायर कमी हवेचा होतो, बाजूची भिंत वाकून वाकून तापते आणि फुटतो. समृद्धीवर किंवा जबलपूर-हैदराबाद हायवेवर लांब पल्ला असेल तर रिमोल्ड टायर (जुन्यावर नवं रबर चढवलेला) पुढे कधीही नको.

६. दिवे, वायरिंग, हॉर्न

'उजेड पडत नाही' म्हणून पहिल्यांदा १००/९० वॉटचे बल्ब लागतात. कंपनीचा एच-४ बल्ब ६०/५५ चा असतो. त्याच तारेवर १०० चे दोन लावले की करंट १० वरून साडेसोळा ॲम्पिअरवर जातो. होल्डर पिवळा पडतो, वितळतो, रिफ्लेक्टरची चांदी जाते, आणि सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा कमी दिसतं.

मूळ बल्बच जास्त उजेड देऊ शकतात, त्यांना पुरेसं व्होल्टेज मिळत नसतं इतकंच. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा, मग पेटलेल्या बल्बच्या होल्डरवर. एका व्होल्टहून जास्त फरक आला तर तार आणि अर्थ तपासा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो.

जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीत उपाय रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच):

- बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौ. मि.मी. तांब्याची तार, बॅटरीपासून वीतभर अंतरात २० ॲम्पिअरचा फ्यूज.
- रिलेच्या ३० नंबरवर ही तार, ८७ वरून बल्बला. जुन्या होल्डरची तार ८६ वर, ८५ चेसिसला.
- अपर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा) यांसाठी वेगळा रिले.
- अर्थचा पॉइंट रंग खरवडून, स्टार वॉशर टाकून कसा.

बीएस-६ गाडीत मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) कापू नका, कपलरवाला तयार रिले हार्नेस लावा आणि आधी वॉरंटीचं विचारून घ्या. तार सोलून दुसरी गुंडाळायची आणि वर टेप मारायची, हे काम कितीही पटकन होत असलं तरी करू देऊ नका. गाडीला आग लागण्याचं ते सोपं कारण आहे.

डिपरचं फोकस स्वतः तपासता येतं. अर्धा माल भरून गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची कडा त्या रेघेच्या सात-आठ सेंटिमीटर खाली पडायला हवी. रिकाम्या गाडीवर सेट केलं तर माल भरल्यावर मागून गाडी बसते आणि समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो.

टपावरची एलईडी पट्टी, लाल-निळे लुकलुकणारे दिवे, प्रेशर हॉर्न आणि तालावर वाजणारे हॉर्न नियमात बसत नाहीत. त्या पैशांत चांगली रिफ्लेक्टिव्ह टेप घ्या : पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. पत्रा थिनरने पुसून, कोरडा असताना चिकटवा. धुळीवर लावलेली टेप पहिल्याच वॉशिंगला सुटते.

७. उन्हाळ्याची तयारी

रेडिएटरपुढे काहीही नको. नावाची पाटी, देवाचा मोठा फोटो, झेंड्याचा ब्रॅकेट, सगळं ग्रिलच्या बाहेर. भरल्या गाडीने दुपारी मेमध्ये हळू चालताना तेवढा अडथळाही तापमानाची सुई वर न्यायला पुरतो. कूलंट कंपनीच्या प्रमाणात, नुसतं बोअरचं पाणी नाही. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

केबिनसाठी काळी फिल्म लावू नका. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. छताच्या पत्र्याखाली, लायनर काढून, फॉइलवाला इन्सुलेशन फोम लावून घ्या. खर्च थोडा, फरक पहिल्याच दुपारी कळतो.

८. खालचं कोटिंग

पावसाळ्याआधी, मेमध्ये करा. गाडी खालून धुऊन किमान एक दिवस उन्हात वाळवायची. ओल्यावर मारलेलं कोटिंग गंज आत कोंडून ठेवतं. सायलेन्सर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे ड्रम आणि डिस्क, एबीएसचे सेन्सर, पाट्यांच्या मधल्या फटी हे सगळं झाकून मगच फवारा. डीपीएफ स्वतःला साफ करताना भयंकर तापतो, त्यावर डांबरी कोटिंग गेलं तर धूर आणि वास गॅरंटीने. त्याच कारणाने ताडपत्रीचे लोंबते दोर आणि कुटार सायलेन्सरपासून लांब ठेवा.

९. रंग, अक्षरं, गोंडे

इथे मनसोक्त हौस करा, तीन गोष्टी सोडून. नंबर प्लेट एचएसआरपीच (हाय सिक्युरिटी प्लेट) राहू द्या. तिच्यावर काही चिकटवू नका, फ्रेमने आकडे झाकू नका. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओची नोंद हवी. मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहू नका, महाराष्ट्रात परिवहन विभागाने २०१५ मध्ये ते बंद केलं आहे. बाकी कोराडीची जगदंबा, ताजुद्दीन बाबा, पोरांची नावं, शेर, काय लिहायचं ते लिहा, फक्त टेप आणि मागचे दिवे झाकू नका. आरशाला लटकवलेले गोंडे आणि लिंबू-मिरची नजरेच्या आड येणार नाही इतके लहान ठेवा.

१०. काम झाल्यावर

पुन्हा त्याच काट्यावर, तशीच फुल टाकी करून, तिन्ही वजनं घ्या. आता किती माल बसतो तो नवा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा आणि ड्रायव्हरलाही सांगा. मालवाल्याशी भाडं ठरवताना तोच आकडा बोलायचा, शोरूमचा नाही.

५०० किलोमीटर झाले की यू बोल्ट, चाकांचे नट, कठड्यांचे बोल्ट पुन्हा कसून घ्या. नवं काम बसतं तसं सैल होतंच. रिलेच्या फ्यूजला हात लावून पाहा, गरम लागला तर कुठलंतरी कनेक्शन ढिलं आहे. मागच्या मडगार्डच्या आत टायर घासल्याची काळी खूण आहे का पाहा. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. त्या दिवशी सोबत न्यायची फाइल वर सांगितलेल्या कागदांचीच, फक्त काट्याच्या नव्या पावत्या सगळ्यात वर लावा.